नाळ, वार आणि वर्धन : नवजाताच्या रक्ताधानाचा एक भाषिक-ऐतिहासिक विचार

१

एखादा मनुष्य एकाच गावी पुन्हापुन्हा जाऊ लागला, की सातारा-सांगलीकडे त्याला अजूनही विचारतात, "तुझी काय तिथं नाळ पुरलीय का?" हा प्रयोग साऱ्या महाराष्ट्रात रूढ आहे. तो केवळ आलंकारिक नाही. मुलाची नाळ व वार परसात किंवा न्हाणीजवळ पुरण्याची चाल गावोगाव होती, आणि ज्या मातीत ती पुरली ती माती त्या माणसाची, अशी समजूत होती. पुढे प्रसूती घरातून इस्पितळात गेली, पुरण्याची चाल मागे पडली, आणि वाक्प्रचार तेवढा उरला.

भाषेतील असे अवशेष इतिहासाचे साधन म्हणून वापरता येतात. मात्र त्यांच्यावर त्यांना पेलेल तेवढाच भार टाकावा लागतो. नाळेशी निगडित असलेल्या काही शब्दांच्या आधाराने एका वैद्यकीय प्रश्नाचा इतिहास तपासावा, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. जन्माच्या क्षणी नाळेत व वारेत जे रक्त असते ते कोणाचे, आणि ते मुलाला केव्हा व कसे मिळावे, हा तो प्रश्न होय. या रक्ताचा रक्ताधानासाठी उपयोग करण्याची कल्पना गेल्या शतकातील मानली जाते. परंतु प्रश्न त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याचे एक उत्तर आपल्या भाषेच्या पोटात दीर्घकाळ पडून राहिलेले आहे.

२

प्रथम शब्दांचा परिचय करून घेऊ. 'नाळ' हा शब्द संस्कृत 'नाल' म्हणजे कमळाचा पोकळ देठ याच्याशी संबद्ध आहे, आणि 'नाडी' हा त्याच कुळातला. मूल 'बेंबीच्या देठापासून' ओरडते असे आपण म्हणतो, तेव्हा नाळ म्हणजे देठ ही मूळ प्रतिमाच आपण नकळत जिवंत ठेवीत असतो. नाळेचे दुसरे टोक ज्या अवयवात असते त्याला मराठीत माणसाच्या बाबतीत 'वार' आणि गुरांच्या बाबतीत बहुधा 'जार' म्हणतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याला 'अपरा' असे नाव आहे. अलीकडे 'गर्भनाळ' हा जोडशब्द प्रचारात आला आहे. पूर्वी नुसत्या 'नाळ' या शब्दाने सर्व कार्यभाग होत असे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या नाभीला नाडी, नाडीला अपरा आणि अपरेला मातेचे हृदय जोडलेले असल्याचे वर्णन आहे. मातेच्या हृदयातून स्रवणाऱ्या सिरांनी अपरा भरली जाते, असेही तेथे म्हटले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात हीच गोष्ट एका उपमेने सांगितली आहे : पाटाच्या पाण्यावर जसे शेत पोसते, तसा गर्भ या नाडीने पोसतो. कऱ्हाडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघून सांगली जिल्ह्यात उतरणाऱ्या कृष्णा कालव्याच्या काठी जे वाढले, त्यांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. पाटाचे दार टाकले तरी पाटात उभे असलेले पाणी कोठे जायचे, हा प्रश्न शेतकऱ्याला सहज सुचतो. नवजाताच्या बाबतीतला प्रश्न नेमका हाच आहे.

आजच्या शरीरशास्त्रानुसार गर्भाचे व मातेचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेतील सूक्ष्म पडद्यांतून प्राणवायू व पोषक द्रव्ये यांची देवघेव होते. तेव्हा 'मातेच्या हृदयाशी जोडलेली अपरा' हे वर्णन शब्दशः घेता येणार नाही. परंतु यातूनच एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. नाळेत आणि वारेच्या गर्भाकडील बाजूस असलेले रक्त मातेचे नसून मुलाचे असते. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या जन्मसमयी त्याच्या एकूण रक्ताचा सुमारे एकतृतीयांश भाग वारेत व नाळेत असतो. नाळ धडधडत असेतोपर्यंत तो मुलाकडे येत राहतो. साधारणपणे पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिलिलिटर आणि तीन मिनिटांत सुमारे १०० मिलिलिटर रक्त अशा रीतीने मुलाला मिळते. ज्याच्या अंगात सगळे मिळून पावशेर-दीड पावशेर रक्त, त्याच्या दृष्टीने हे प्रमाण लहान नाही. निसर्गाने केलेले हे पहिले रक्ताधान होय.

३

आता प्राचीन ग्रंथांतील विधींकडे पाहू. नाळ कोठे कापावी याविषयी त्यांत मतभेद आहे. चरक व सुश्रुत नाभीपासून आठ अंगुळे सोडण्यास सांगतात, वाग्भट चार. कापल्यानंतर सूत्राने बांधून ते सूत्र मुलाच्या गळ्यात सैल अडकवावे, यावर मात्र एकमत आहे. आजवरच्या चर्चेत या अंगुळांच्या मापाकडे पुष्कळ लक्ष गेले आहे. माझ्या मते मापापेक्षा क्रम अधिक बोलका आहे.

चरकाचा क्रम असा. मूल जन्मताच, अपरा पडावी म्हणून इतर स्त्रिया प्रयत्न करीत असतानाच, मुलाच्या कानांपाशी दगडावर दगड आपटावा, तोंडावर थंड किंवा ऊन पाण्याचा शिडकावा करावा, सुपाने वारा घालावा, म्हणजे जन्माच्या क्लेशाने हरपलेला प्राण त्याला परत मिळतो. मग स्नान, मुखशुद्धी वगैरे. नाडीच्छेदनाचा विधी त्यानंतर येतो. वाग्भटाने तर स्पष्टच शब्द योजला आहे : मूल 'स्वस्थ' झाल्यावर नाभिनाडी बांधावी व छेदावी. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातही जातकर्म हे नाभिच्छेदनाच्या पूर्वी करावयाचे म्हणून सांगितले आहे. सोने, मध व तूप यांचे समंत्रक प्राशन एवढा विधी आटोपेपर्यंत काही मिनिटे सहज जात असणार.

या ग्रंथकारांना नाळेतील रक्ताचे मोजमाप ठाऊक होते असा दावा येथे करावयाचा नाही. तो करणे इतिहासाला सोडून होईल. जातकर्माचा हेतू धार्मिक होता. आधुनिक शोध प्राचीन ग्रंथांत 'सापडवण्याची' जी सवय आपल्याकडे बोकाळली आहे, तिला खतपाणी घालण्याची माझी इच्छा नाही. एवढेच म्हणता येते, की भिन्न हेतूंनी लिहिलेल्या या ग्रंथांत एक क्रम समान आहे : आधी मूल सावरावे, मग नाळ तोडावी.

४

येथे एका शब्दाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. मनुस्मृतीत नाळ कापण्याला 'नाभिवर्धन' म्हटले आहे, आणि वाग्भटानेही या कृतीसाठी 'वर्ध्' हाच धातू वापरला आहे. 'वर्धन' म्हणजे वाढ, मग कापण्याला हा शब्द का? धातुपाठात चुरादिगणातील 'वर्ध' धातूचे छेदन आणि पूरण असे दोन अर्थ दिले आहेत. कापणे आणि भरणे हे परस्परविरुद्ध वाटणारे अर्थ एकाच धातूच्या पदरात घातलेले आहेत.

मराठी भाषकाला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. आपण नारळ फोडत नाही, 'वाढवतो'. बांगडी फुटली असे न म्हणता ती 'वाढली' असे म्हणतो. उलट पानात अन्न 'वाढतो', तेव्हा पान भरत असतो. नारळ व बांगडी यांच्या बाबतीतले 'वाढवणे' हे अमंगल उच्चार टाळण्यासाठी केलेले सौम्य भाषण होय, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो चुकीचा ठरविण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही. परंतु सौम्य भाषणासाठी नेमके हेच क्रियापद का निवडले गेले, हा प्रश्न उरतोच. छेदनार्थक 'वर्ध' ची एखादी क्षीण स्मृती त्याला साहाय्यक झाली असणे असंभवनीय नाही. काही असो, नाळ कापणे या कृतीला भाषेने 'तोडणे' न म्हणता, जीत भरण्याचाही अर्थ आहे अशी संज्ञा दिली, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. नाळ 'वाढवायची' तर आधी ती पुरती द्यायला हवी, असा श्लेष मी येथे करणार नाही. तो वाचकाला सुचल्यास माझी हरकत नाही.

५

ग्रंथांकडून लोकाचाराकडे वळले की आढळते ते असे. ग्रामीण महाराष्ट्रात सुइणी पुष्कळदा वार पडेपर्यंत नाळ कापीत नसत. मूल रडले नाही, तर वार तव्यावर किंवा निखाऱ्यांवर शेकण्याचा उपाय भारताच्या अनेक भागांत नोंदला गेला आहे. वारेत मुलाचा जीव आहे आणि ऊब दिली की तो नाळेवाटे मुलात उतरतो, अशी त्यामागची कल्पना होती.

हा विचार केवळ आपल्याच देशातला नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्राणिविषयक ग्रंथात असे नमूद आहे, की मूल निपचित जन्मले तर कुशल सुइणी नाळेतील रक्त पिळून मुलाकडे सारतात, आणि रक्त ओसरल्यासारखे दिसणारे ते मूल पुन्हा जिवंत होते. नाळेतील रक्त नवजाताला देण्याचा मला ठाऊक असलेला हा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख होय. ग्रीक सुईण आणि कृष्णाकाठची सुईण यांची गाठ पडल्याचे कोणी म्हणणार नाही. समान निरीक्षणातून समान उपाय निघाला, असे मानणेच योग्य.

परंतु सुइणीच्या कलेचा गौरव करताना तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. नाळ विळ्याने कापणे, तिच्यावर शेण किंवा राख लावणे यांमुळे धनुर्वाताने असंख्य अर्भके दगावली. पाचवीच्या रात्री सटवाई नशीब लिहायला येते या समजुतीमागे पहिल्या आठवड्यातील या मरणाचे भय उभे आहे, असे मला वाटते. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले, ते लस, निर्जंतुक पाते आणि इस्पितळातील प्रसूती यांच्या बळावर. सुईण थांबत होती हे चांगले होते. ती ज्या पात्याने कापीत होती ते वाईट होते. इतिहासाने दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

६

पाश्चात्त्य वैद्यकात या प्रश्नाची चर्चा एकसारखी झालेली नाही. इंग्लंडमध्ये इरॅस्मस डार्विन याने १८०१ मध्ये, नाळ फार लवकर बांधल्याने मुलाचे नुकसान होते व त्याचे रक्त वारेत राहून जाते, असे लिहिले. फ्रान्समध्ये प्येर ब्युदँ याने १८७५ मध्ये प्रत्यक्ष मोजमाप करून, थांबल्यास मुलाला सुमारे ९२ घनसेंटिमीटर रक्त अधिक मिळते असे दाखविले. असे असूनही विसाव्या शतकात, विशेषतः त्याच्या उत्तरार्धात, मूल जन्मताच नाळेला चिमटा लावण्याची पद्धत इस्पितळांत रूढ झाली. बाळंतिणीचा रक्तस्राव रोखण्यासाठी प्रसूतीची अखेरची अवस्था झटपट आटोपावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढील अभ्यासांत, मिनिट-दोन मिनिटे थांबल्याने मातेचा रक्तस्राव वाढत नाही असे दिसून आले.

याच शतकात रक्ताधानाचे शास्त्र उभे राहिले. कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. १९०८ मध्ये न्यूयॉर्क येथे अलेक्सिस कारेल याने रक्तस्रावाने मरणोन्मुख झालेल्या एका नवजात मुलीच्या शिरेला तिच्या पित्याची धमनी जोडून तिला रक्त दिले व ती वाचली. त्यानंतर तीस वर्षांच्या आत टाकून दिल्या जाणाऱ्या वारेकडे शास्त्रज्ञांची दृष्टी गेली. १९३६ मध्ये सोव्हिएत रशियात, १९३८ मध्ये कॅनडात गुडॉल याने आणि १९३९ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये हालब्रेख्त याने वारेतील रक्त साठवून रक्ताधानास वापरण्याचे प्रयत्न प्रसिद्ध केले. रक्ताचा अक्षय झरा सापडला, असे तेव्हा वाटले. पण एका वारेतून मिळणारे रक्त थोडे, त्यात गुठळ्या व जंतू शिरण्याचा धोका मोठा, आणि प्रौढ दात्यांच्या रक्तपेढ्या लवकरच सुरू झालेल्या. त्यामुळे ही वाट मागे पडली.

ती पुन्हा उघडली दोन दिशांनी. १९८८ मध्ये पॅरिस येथे एलियान ग्लुकमान यांनी जन्मजात रक्तविकार असलेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले, आणि त्यातील मूळपेशींनी त्याच्या अस्थिमज्जेचे काम हाती घेतले. दुसरी दिशा अपुऱ्या दिवसांच्या मुलांची. अशा मुलांना तपासण्यांसाठी वारंवार रक्त काढल्यामुळे पुन्हापुन्हा रक्ताधान करावे लागते, आणि ते प्रौढांच्या रक्ताने होते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन प्रौढांच्या हिमोग्लोबिनहून भिन्न असून ते प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते. म्हणून मुलाचेच किंवा दुसऱ्या नवजाताच्या नाळेतील रक्त अशा मुलांना द्यावे, या दृष्टीने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रयोग होत आले आहेत. अलीकडे इटलीत रोम येथे या विषयावर पद्धतशीर काम झाले आहे.

७

आपल्या प्रदेशात या दोन परंपरांची भेट कशी झाली, हे पाहणे उद्बोधक आहे. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकीय पदवीसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय हिंदू आर्यांचे प्रसूतिशास्त्र हा होता. म्हणजे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या पहिल्या मराठी स्त्रीने पहिला विचार केला तो आपल्याकडील प्रसूतिपरंपरेचा. सांगलीच्या शेजारी कोल्हापूर येथे आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, पण रुजू होण्यापूर्वीच १८८७ मध्ये पुणे येथे त्यांचा अंत झाला. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन इस्पितळ उघडले. साताऱ्यात पुढे 'आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय' स्थापन झाले. 'आर्य' आणि 'आंग्ल' यांचा हा समास त्या काळच्या आकांक्षेचा उत्तम दस्तऐवज आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्हा विभागून दक्षिण सातारा हा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले आणि १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

या भेटीत समास झाला, पण संधी झाली नाही, असे म्हणावे लागते. इस्पितळाने सुइणीचे घाणेरडे पाते काढून घेतले, हे योग्यच झाले. त्याबरोबर तिचे थांबणेही काढून घेतले गेले. त्याची भरपाई करण्यास फार काळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेने आता मूल जन्मल्यावर किमान एक मिनिट नाळ न बांधण्याची शिफारस केली आहे. भारत सरकारच्या २०१८ मधील 'ॲनिमियामुक्त भारत' या कार्यक्रमात नाळ विलंबाने बांधण्याचा समावेश झाला. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत विलंबाने मृत्यूचे प्रमाण घटते, असे 'लॅन्सेट' मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक विश्लेषणातून दिसून आले. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील, सहा महिन्यांवरील मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. वारेबरोबर टाकल्या जाणाऱ्या लोहाचे मूल्य या आकड्याजवळ ठेवून पाहावे.

८

शेवटी पुन्हा शब्दांकडे येऊ. आधुनिक रक्तव्यवहाराची मराठी परिभाषा लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. 'रक्तदान' या शब्दात देणाऱ्याचे पुण्य आहे. 'रक्ताधान' यात घेणाऱ्याच्या ठिकाणी स्थापन करण्याचा भाव आहे, जसा अग्न्याधानात असतो. 'रक्तपेढी' हा शब्द मात्र सावकाराच्या ओटीवरून आला. जोवर पेढीत जमा होणारे रक्त कोणाही गरजूसाठी होते, तोवर पेढी हे रूपक होते. नाळेतील रक्त खासगी संस्थेत, स्वतःच्याच मुलासाठी, मोल देऊन ठेवण्याची प्रथा आली आणि रूपकाचे वाच्यार्थात रूपांतर झाले. जिल्ह्याच्या गावांतील सुशिक्षित कुटुंबेही या ठेवीकडे ओढली जातात. पण मुलाच्या पुढील आयुष्यात स्वतःसाठी वापरायचे म्हणून असे रक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या सार्वजनिक पेढीची गोष्ट वेगळी, आणि घरातच रक्तविकाराचा रुग्ण असेल तर त्याचीही वेगळी.

शिवाय येथे एक साधा हिशेब आहे. नाळेतील रक्त एकच. पिशवी भरावी म्हणून नाळ लवकर बांधली, तर जे रक्त त्याच क्षणी मुलाच्या अंगात जाणार होते ते मुलाच्या नावावर, परंतु मुलाच्या बाहेर, ठेव म्हणून राहते. ठेव ठेवणाऱ्याला ती मुलाची वाटते. मूल मात्र त्या वेळी तिच्यावाचून राहते.

सुश्रुत, वाग्भट, मनु किंवा गावची सुईण यांपैकी कोणालाही आजचे रक्तशास्त्र ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या साक्षीवरून ते सिद्धही होत नाही. ते सिद्ध होते मोजमापांनी, आणि ती मोजमापे आता आपल्यापाशी आहेत. भाषेची साक्ष इतकीच, की मुलाला त्याचे पुरते देऊन मग वेगळे करावे हा क्रम आपल्या पूर्वजांच्या व्यवहारात होता, आणि तो मोडला तेव्हा कोणी फारसे विचारले नाही. प्रसूतिगृहात एका मिनिटाचे थांबणे पुन्हा रुजविण्यास नवे यंत्र लागत नाही व नवा खर्चही येत नाही. नाळ पुरण्याची चाल गेली, ती जावो. नाळ पुरी होऊ देण्याची चाल मात्र परत यावयास हवी.